माल पोचल्याची हाळी

आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार. ही रीत आबांनी बाजारातून घरी आणली आणि तिनं आमचं जेवढं भलं केलं त्याहून जास्त वाटोळं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आबा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे गाड्या रिकाम्या झाल्या की पालथ्या क्रेटवर उभे राहायचे आणि अशी हाळी द्यायचे की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. बोली थांबली की एक वार, दोन वार, तीन वार, आणि टाळी. तिसऱ्या वारापर्यंत जो बोलला नाही त्याची हरकत नाही असं धरायचं. घरातही तोच कायदा. रविवारी कुठे जायचं, कुठल्या खोलीला कुठला रंग द्यायचा, सगळं आबा पुकारायचे आणि आम्ही हसत हसत बोली लावायचो. माझं कॉलेजही असंच सुटलं. मोठीनं आता कामाला लागावं, असं आबांनी पुकारलं, मी मूग गिळून बसले, टाळी वाजली. मी पडदे शिवायच्या दुकानात लागले. तेव्हा मला बोलायला हवं होतं हे खरं, पण बापाच्या डोळ्यांत बघत हरकत घ्यायला सतरा वर्षांच्या पोरीकडे जीभ कुठून असणार?

बाजाराची आणखी एक रीत होती. तिसरा वार झाला की विकणाऱ्यानं आणि पुकारणाऱ्यानं तोंडाला कुलूप लावायचं. हमाल माल उचलून घेणाऱ्याच्या गाळ्यावर टाकणार आणि तिथून ओरडणार, ‘माल पोचला!’ तोवर चकार शब्द नाही. मध्येच कुणी बोललं तर सौदा मोडला, घेणारा खुशाल मागे फिरू शकतो. पूर्वी म्हणे विकणारे टाळीनंतरही रडगाणं गायचे, त्यावरचा हा तोडगा. आबा सांगायचे की एकदा त्यांच्या पायावर हातगाडीचं चाक गेलं, तरी हाळी येईपर्यंत त्यांनी ‘आई गं’ केलं नाही. आम्ही ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की बारकी ती आबांच्या आधीच पूर्ण करायची.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला नाव आहे, पण ते शाळेच्या कामापुरतं.

मग आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, ती हळूहळू थोडी परत आली. वाचा मात्र परत आली ती भलत्याच रूपात. ज्या माणसाच्या जिभेवर बाजार चालायचा, त्याच्याकडे भाज्यांची नावं तेवढी उरली. पाणी हवं असलं तरी भाजी, चादर हवी असली तरी भाजी. आई त्यांच्या ताटात खरोखरची गाजरं ठेवायची आणि आबा ताट ढकलून द्यायचे. इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मेंदूनं नावांची खोली बंद केली, त्यांच्या धंद्याची तेवढी उघडी राहिली. जे बोलतात ते रोज बोलू द्या, कुणीतरी उत्तर देत राहा. पायवाट चालती असली तरच राहते, नाहीतर गवत माजतं.

बारकीनं ते कोडं सोडवलं. तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती, दुपारी घरी असायची. मी दुकानात, आई इस्पितळाच्या धुलाईघरात. बारकी आबांसमोर मांडी घालून बसायची आणि तासन्‌तास त्यांना बोलतं करायची. एका संध्याकाळी मी घरी आले तर ती म्हणाली, ‘ताई, आबा वाट्टेल ती भाजी बोलत नाहीत. कुठली किती टिकते त्यावरून बोलतात.’ पालक म्हणजे ताबडतोब, मला मोरीत न्या. टोमॅटो म्हणजे लवकर बघा. कोबी म्हणजे चाललंय बरं. कांदा म्हणजे राहू दे, घाई नाही. लिलावात नाशवंत माल आधी काढतात, टिकाऊ शेवटी. आबांच्या डोक्यात सगळं जग त्याच क्रमानं लागलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. खरं तर बारकीचं आणि आबांचं सुरू झालं. आईला थोडंफार कळायचं. मला पालक तेवढा कळायचा, कारण तो नाही कळला तर धुणं मलाच पडायचं.

हे सगळं बारकीनं विद्यापीठाच्या अर्जात लिहिलं. ऑनर्सचा वर्ग होता, भाषाविज्ञानाचा. भरभर शिकणाऱ्या मूठभर पोरांना निवडायचं, वेगळे प्राध्यापक द्यायचे आणि शेवटी प्रत्येकानं स्वतःचं संशोधन करायचं. तिच्या शाळेतल्या बाईच तिच्या मागे लागल्या. निबंध मागितला होता, बारकीनं आबांवर लिहिला. मला राग आला. आपल्या बापाचं अडखळणं परक्यांच्या पुढ्यात कशाला मांडायचं? पण तिनं तो आबांना वाचून दाखवला आणि आबा ‘कोबी, कोबी’ करत मान डोलवत राहिले. मग मी कोण नाही म्हणणारी.

मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेले. आगगाडीचा लांबचा प्रवास, मग एक मोठी दगडी इमारत, तिच्या जिन्यात मेणाचा वास. पालकांनाही आत बसवलं. टेबलापलीकडे तिघं होते. त्यांतल्या, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेल्या बाई सगळ्यांत जास्त बोलत होत्या. माणसं वाईट नव्हती. बारकीला त्यांनी खोदखोदून विचारलं आणि ती अशी बोलत होती की मला ती कुणा दुसऱ्याच घरातली वाटायला लागली. ऑनर्सच्या मुलांनी वसतिगृहातच राहायचं असा नियम आहे, असं चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं. मग त्यांनी मऊ आवाजात विचारलं, की तू इथे आलीस तर वडिलांशी कोण बोलणार?

‘ताई शिकेल,’ बारकी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला कुणी काही विचारलं नाही. मी गप्प होते, म्हणजे आमच्या घरच्या कायद्यानं माझा होकार होता.

परतीच्या गाडीत मी तिला फाडून खाल्लं. म्हटलं, तुझ्या शहाणपणाची ओझी माझ्या डोक्यावर का? मी कधी शिकणार, मशीनवर बसून? ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आबा माणसांना काय म्हणतात. ती सांगेना. मी हट्टाला पेटले तेव्हा म्हणाली, आईला आलं म्हणतात, स्वतःला दुधी म्हणतात. ‘मला कोथिंबीर. आणि तुला बटाटा.’

बटाटा सगळ्यांत शेवटी काढतात. पोत्यात घालून कोपऱ्यात ठेवला की महिनोन्‌महिने कुणी बघत नाही, आणि त्याचं काही बिघडतही नाही. कोथिंबीर मात्र उजाडायच्या आत विकायला हवी, ऊन लागलं की मान टाकते. बारकी म्हणाली, तसं नव्हे ताई, भरवशाची म्हणून. मी म्हटलं, असू दे. उरलेला प्रवास आम्ही दोघी झोपेचं सोंग घेऊन केला.

प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीसकट मिळाला. आई रडली, शेजारच्यांनी येऊन बारकीच्या पाठीवर थापा मारल्या, आणि चार दिवसांनी बारकी म्हणाली, मी जाणार नाही. ती वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन आली होती. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं होतं, रोज कुणीतरी त्यांच्या भाषेत उत्तर द्यायला हवं. बारकी म्हणे, मी इथल्याच कॉलेजात जाते, त्यात काय बिघडतं. आईनं समजावलं, शाळेतल्या बाई घरी येऊन गेल्या, पण बारकी आबांचीच मुलगी. एकदा मान फिरवली की फिरवली.

एका सकाळी जेवणाच्या टेबलाशी सगळे असताना ती उभी राहिली आणि तिनं आबांसारखी हाळी दिली. ‘बारकी घरीच राहणार. कुणाची हरकत? एक वार.’

कुणी बोललं नाही. मी तर नाहीच.

‘दोन वार.’

‘कोथिंबीर!’

आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की भांड्यांच्या फळीवरचं झाकण वाजलं. झटका आल्यापासून तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. ते डाव्या हातानं टेबल बडवत होते आणि त्यांची नजर दाराकडे होती. ‘कोथिंबीर! कोथिंबीर! कोथिंबीर!’ याचा अर्थ सांगायला दुभाषी लागत नव्हती, मलाही कळला. ऊन चढतंय, माल आधी काढा.

बारकीचा चेहरा पडला. आणि मग आई उठली. तिनं उभ्या जन्मात कधी काही पुकारलं नव्हतं. पदराला हात पुसत तिनं अगदी बारीक आवाजात म्हटलं, ‘बारकी जाणार. एक वार. दोन वार.’ ती थांबली. आबांनी ओठ घट्ट मिटले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. ‘तीन वार,’ ती म्हणाली आणि टाळी वाजवली.

त्यानंतर आबा बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी वाटलं, दमले. मग वाटलं, बारकी जाणार म्हणून जीव कासावीस होत असेल. ती ट्रंक घेऊन निघाली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंड उघडलं नाही. ती पायरीवर अडून राहिली, काहीतरी म्हणा ना आबा, म्हणाली. त्यांनी हातानंच जा जा केलं. ती रडत गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आईला धुलाईघरात आला. आईनं घरी येऊन सांगितलं की पोर सुखरूप आहे, खोली उजेडाची आहे, बरोबरची मुलगी स्वभावानं बरी आहे. आबा आईच्या तोंडाकडे बघत होते. तिचं सांगून झालं तरी बघतच राहिले, तिनं वाक्य अर्धं सोडलं असावं तसे.

दुकान सोडून मी शिवण घरी आणली, कारण दिवसभर त्यांच्यापाशी कुणीतरी हवं होतं. बटाट्याला कोपरा मिळाला. मी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. पडदे शिवता शिवता मी आबांना विचारायची, पालक का? टोमॅटो? ते मानेनं हो-नाही करायचे. इस्पितळात नेलं, तर नवा झटका नाही म्हणाले. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवली, आबांनी बरोब्बर चित्रांवर बोट ठेवलं, तोंडातून हूं की चूं नाही. बाई म्हणाल्या, कधीकधी माणूस हाय खातो, तुम्ही बोलत राहा. एकदा माझा तोल गेला. म्हटलं, तिच्यासाठी शब्द होते आणि माझ्यासाठी नाहीत का? बाप आहात का वैरी? आबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या गालाचा स्नायू थरथरत होता. मला वाटलं, हा हट्टीपणा आहे, आणि त्या क्षणी मी त्यांचा मनापासून द्वेष केला.

एक गोष्ट मात्र रोजची होती. दाराची कडी वाजली की आबा मान वर करायचे. दूधवाला असो, शेजारीण असो, ते कान देऊन ऐकायचे आणि मग पुन्हा मान खाली. मला वाटायचं, बारकीची वाट बघतात.

बारकीला यातलं काही कळू दिलं नव्हतं. तो आईचा हुकूम. पोरीचा जीव तिकडे लागू दे, परीक्षा होऊ दे. संध्याकाळी घरी असताना फोन आला की आई तो आबांच्या कानाला लावायची, बारकी तिकडून बडबडायची, आबा ऐकून मान डोलवायचे. बारकीनं विचारलं की बोलत का नाहीत, तर आई म्हणायची, फोनवर त्यांना जमत नाही गं, घरी बोलतात. मी बाजूला उभी राहून अळीमिळी गुपचिळी.

सुट्टीत ती आली. उंच झाल्यासारखी दिसली, केस कापले होते. पिशवीत आवाज टिपायचं छोटं यंत्र होतं. ऑनर्सच्या संशोधनासाठी तिनं आबांचीच भाषा घेतली होती आणि चष्मेवाल्या बाई म्हणे फार खूश होत्या. पाय धुवून ती थेट आबांसमोर मांडी घालून बसली. यंत्र मध्ये ठेवलं. ‘काय दुधी, कसं काय?’ म्हणाली.

आबा तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरले, ओठ मिटलेलेच. यंत्रातला लाल दिवा जळत होता.

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, कधीपासून? मी सगळं सांगितलं. खोटं बोलायचा मलाही कंटाळा आला होता. आईची टाळी, त्यानंतरची शांतता, दाराकडे मान वर करणं. आई मध्येच काहीतरी सावरायला गेली, पण बारकी ऐकतच नव्हती.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘माल पोचल्याची हाळी कुणी दिली?’

कुणी दिली नव्हती. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पायावरून चाक गेलं तरी ‘आई गं’ न करणारा माणूस आमच्या डोळ्यांदेखत सौदा सांभाळत बसला होता. आपण एक शब्द बोललो तर विद्यापीठ पोरीला परत पाठवील, हे त्यांच्या अर्ध्या उरलेल्या डोक्यानं पक्कं धरलं होतं. आईनं येऊन सांगितलं ते त्यांना समजलं असेल, पण आईचं सांगणं किंवा फोनवरची बडबड म्हणजे हाळी नव्हे. आणि मी त्यांना वैरी म्हणाले होते.

बारकी धावत बाहेर गेली. आम्हाला तिची पावलं फाटकापर्यंत ऐकू आली. मग तिथून, भर दुपारी, गल्लीतली माणसं वळून बघतील अशा आवाजात ती ओरडली, ‘माल पोचला! आबा, माल पोचला!’

आबांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ते हसले, झटक्यानंतरचं ते वाकडं हसू. त्यांनी तोंड उघडलं.

श्वास आला. नुसता श्वास. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, ओठांचा चंबू केला, आणि पुन्हा फक्त वारा. बारकी दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, पालक म्हणा. कोबी म्हणा. कोथिंबीर म्हणा, आबा, को, को. ते तिच्या ओठांकडे बघून आपले ओठ हलवत होते. शेवटी त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं तोंड चाचपून पाहिलं, जागेवर आहे की नाही ते बघावं तसं. मग ते रडायला लागले. त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

सुट्टीभर बारकी त्यांच्यापुढून हलली नाही. वाचा शिकवणाऱ्या बाई घरी येऊन गेल्या, त्यांनी गवताची गोष्ट पुन्हा सांगितली नाही, यावरूनच आम्ही काय ते समजलो. सुट्टी संपत आली तेव्हा बारकीनं ट्रंक भरायला नकार दिला. म्हणाली, ज्या भाषेच्या जोरावर गेले तीच उरली नाही, आता ऑनर्स कसला. मी मशीनवरून उठले आणि तिची ट्रंक मीच भरली.

‘त्यांनी तुझ्यासाठी किंमत दिलीय,’ मी म्हटलं. ‘देऊन झाली. तू परत आलीस तर ती फुकट जाईल. पोचलेला माल परत घेत नाहीत, बाजारात विचार कुणालाही.’

‘आणि तू?’

‘मी बटाटा आहे. मला काय होतंय.’

ती गळ्यात पडून रडली. मला रडू आलं नाही, नंतर पडदे शिवताना आलं. ती गेली. तिथे तिला दुसरा विषय घ्यायला लावला, कुठल्याशा जुन्या शब्दकोशांचा. चांगलं चाललंय म्हणे. चष्मेवाल्या बाईंनी आबांची चौकशी केली होती.

आता सकाळी आई कामावर गेली की मी टेबल रिकामं करते आणि आबांपुढे भाज्या मांडते, टिकण्याच्या क्रमानं, पालक पहिला, बटाटा शेवटी. एकेक उचलून नाव घेते. ते मन लावून बघतात, ओठ हलवतात. सगळ्या संपल्या की मी उभी राहते. माझा आवाज आबांसारखा नाही, पण या खोलीला पुरतो.

‘आबा आता कधी बोलणार नाहीत,’ मी पुकारते. ‘कुणाची हरकत? एक वार.’

आबा माझ्याकडे बघत असतात.

‘दोन वार.’

मग मी मशीनवर जाऊन बसते आणि कामाला लागते. तिसरा वार मी अजून म्हटलेला नाही.